काँक्रीटमध्ये कोरलेली रेघ

प्रश्न : स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेतील एका स्थानकाची छायाचित्रे नुकतीच पाहण्यात आली. रुळांपलीकडच्या लांबलचक भिंतीवर एखाद्या मुलाने कोळशाने काढावेत तसे बायकांचे चेहरे, हात वर केलेली माणसे, मध्येच संगीताची स्वरलिपी असे बरेच काही होते आणि खाली 'शिल्पकार : सिरी डेर्कर्ट' एवढाच उल्लेख होता. भिंतीवरच्या चित्रांना शिल्प का म्हणायचे, आणि या बाई कोण, हे कृपया सांगावे.

उत्तर : आपण पाहिलेले स्थानक ओस्टरमाल्मस्टोर्ग. 1965 मध्ये ते सुरू झाले तेव्हा डेर्कर्ट 76 वर्षांच्या होत्या. आपल्याला कोळशाच्या वाटलेल्या त्या रेघा प्रत्यक्षात काँक्रीटमध्ये खोदलेल्या आहेत, आणि त्या कशा खोदल्या हे कळले की आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे मिळते.

एरवी सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र कालवून ते मिश्रण साच्यात ओततात. नॉर्वेत 1950 च्या दशकात रूढ झालेल्या 'नैसर्गिक काँक्रीट'च्या पद्धतीत मात्र साच्यात आधी नुसती खडी ठासून भरतात आणि तिच्या फटींमध्ये सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने सोडतात. साचा उतरवल्यावर भिंत गुळगुळीत दिसते, कारण खडी एका पातळ सालीखाली दडलेली असते. मग हवेच्या दाबाने वाळूचा मारा करणारी नळी जिथून फिरेल तिथली साल उडते, आतली खडी उघडी पडते आणि फिकट पृष्ठभागावर गडद, खरखरीत रेघ उमटते. नळीचे तोंड भिंतीजवळ धरले तर रेघ अरुंद आणि खोल येते, लांब धरले तर रुंद आणि पसरट येते. उडालेली साल परत बसवता येत नाही, त्यामुळे चुकलेली रेघ खोडायची सोय नसते. छिन्नीने दगडाचा कपचा उडवणाऱ्या शिल्पकाराची जी अडचण, तीच येथेही आहे. म्हणून मला या कामाला शिल्प म्हणण्यात काही वावगे वाटत नाही.

याच तंत्राने पिकासो यांची रेखाटने ऑस्लोच्या शासकीय इमारतीच्या भिंतींवर उतरली, पण तिथे रेखाटन पिकासो यांचे होते आणि ते भिंतीवर कोरणारा हात नॉर्वेचे कलावंत कार्ल नेसयार यांचा. डेर्कर्ट यांनी सत्तरी उलटल्यावरही संरक्षक पोशाख चढवून नळी स्वतः हाती घेतली. ओस्टरमाल्मस्टोर्गच्या रेघा कुठे अडखळतात, कुठे एकदम सुसाट सुटतात. रेखाटन बिनचूक गिरवणाऱ्या कारागिराच्या हातून असे सहसा होत नाही.

भिंतीवर ग्रीक कवयित्री सॅफो आहे, इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार आहेत, त्यांच्याच रांगेत एलिन वेग्नर ही स्वीडिश लेखिका आणि आदा निल्सन ही डॉक्टर आहे. आपण म्हणता ती स्वरलिपी 'मार्सेयेज' हे फ्रान्सचे राष्ट्रगीत आणि 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचे गीत यांची आहे. 'शांतता' हा शब्द अनेक भाषांतून लिहिलेला आहे. हे स्थानक बांधतानाच अणुयुद्धाच्या प्रसंगी आसरा म्हणून वापरता येईल असे बांधले होते, हे लक्षात घेतले म्हणजे तो शब्द तिथे, जमिनीच्या इतक्या खाली का कोरला असेल, ते वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : इतके मोठे काम त्यांच्या हाती इतक्या उशिरा का आले? त्याआधी त्या काय करत होत्या?

उत्तर : डेर्कर्ट यांचा जन्म 1888 मध्ये स्टॉकहोममध्ये झाला. तेथील शाही कला अकादमीत काही काळ शिकून त्या 1913 मध्ये पॅरिसला गेल्या आणि वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडणाऱ्या घनवादाच्या (क्युबिझमच्या) ऐन बहरात त्या शैलीत चित्रे काढू लागल्या. स्वीडनच्या घनवादी चित्रकारांत आज त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. पुढे महायुद्ध आले. फिन्निश चित्रकार वाले रोसेनबेर्ग यांच्यापासून झालेला त्यांचा मुलगा कार्लो 1915 मध्ये इटलीत जन्मला. लग्नाविना झालेले मूल घेऊन त्या काळच्या स्टॉकहोममध्ये उजळ माथ्याने वावरणे सोपे नव्हते. त्याला आणि पुढे झालेल्या मुलांना काही काळ इतरांकडे ठेवावे लागले, पोटासाठी कपड्यांचे नमुने रेखाटावे लागले, आणि मोठ्या कॅनव्हासचे काम मागे पडत गेले. घरातली मुले हाच पुढे कित्येक वर्षे त्यांच्या चित्रांचा विषय होता. ती चित्रे गोड मुळीच नाहीत, त्यांतली मुले थकलेली आणि हट्टी दिसतात.

वळण आले ते 1940 च्या दशकात, स्वीडनमधल्याच फोगेलस्टाड येथील महिला नागरिक विद्यालयात. स्वीडिश स्त्रियांनी 1921 च्या निवडणुकीत प्रथमच संसदेसाठी मतदान केले, पण मिळालेला हक्क वापरायचा कसा हे शिकवायला कोणी नव्हते. त्यासाठी वेग्नर, आदा निल्सन आणि त्यांच्या मैत्रिणींनी 1925 मध्ये ही शाळा काढली होती. तिथे शेतमजूर बाई आणि शिक्षिका एकाच बाकावर बसत. डेर्कर्ट तिथे गेल्या आणि बोलणाऱ्या, वाद घालणाऱ्या बायकांची रेखाटने करत राहिल्या. स्थानकाच्या भिंतीवर वीस वर्षांनी जे चेहरे उमटले, त्यांतले काही मुळात याच बाकांवरचे आहेत.

भुयारी रेल्वेत कला असावी ही मागणीही मुख्यतः त्यांनी आणि चित्रकार वेरा निल्सन यांनीच लावून धरली होती, ही गोष्ट मात्र अनेकदा सांगायची राहून जाते. त्यातूनच मध्यवर्ती स्थानकात 1950 च्या दशकाच्या अखेरीस कलाकृती आल्या आणि डेर्कर्ट यांनी तेथील एका खांबावर स्त्री-चळवळीच्या अग्रणी कोरल्या. तो 'स्त्रियांचा खांब' म्हणून ओळखला जातो आणि काँक्रीटवर त्यांचा हात तिथे बसला. 1960 मध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. तिथे स्वतंत्र प्रदर्शनाचा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री कलावंत. 1962 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी स्वीडनचे प्रतिनिधित्व केले.

प्रश्न : त्यांची आणखी शिल्पे कुठे पाहता येतात?

उत्तर : ओस्टरमाल्मस्टोर्गनंतरचे मोठे काम म्हणजे स्टॉकहोममधील 'स्वीडन हाउस' या इमारतीसाठी पोलादात केलेली 'स्वीडनची भिंत'. ती पुरी झाली तेव्हा त्यांनी ऐंशी गाठली होती. 1973 मध्ये स्टॉकहोमजवळच्या लिडिंगो येथे त्यांचे निधन झाले. तरीही प्रथम पाहायचे ते ओस्टरमाल्मस्टोर्गच, आणि गाडी निघून गेल्यावर दुसरी येईपर्यंत फलाटावर थांबून. गाडी समोर उभी असली की भिंतीचा बराच भाग तिच्याआड जातो.