वाचकांचे प्रश्न : वाल्या, वाल्मीकी आणि लॉस एंजेलिसचा पोलीस

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतील आम्ही काही निवृत्त मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट पाहतो. या वेळी पॉल हॅगिस यांचा ‘क्रॅश’ (2004) पाहिला. त्यातील गोरा पोलीस रायन झडतीच्या निमित्ताने क्रिस्टीन या कृष्णवर्णीय स्त्रीशी तिच्या नवऱ्यादेखत अत्यंत किळसवाणे वर्तन करतो आणि दुसऱ्या दिवशी जीव धोक्यात घालून तिलाच पेटत्या मोटारीतून बाहेर काढतो. वाल्याचा वाल्मीकी झाला, असे बहुतेकांचे मत पडले. माझ्या पत्नीला ते मुळीच पटले नाही. आपल्याला काय वाटते?

उत्तर : मी वहिनींच्या बाजूने आहे. ‘माझ्या पापात वाटेकरी कोण?’ हा प्रश्न वाल्याला पडला म्हणून पुढचे सारे घडले. रायनला तो पडत नाही. उलटलेल्या मोटारीत अडकलेली क्रिस्टीन त्याला ओळखताच ‘तू नको, दुसरे कोणीही चालेल’ अशा आकांताने त्याला झिडकारते. त्या किंकाळीत आदल्या रात्रीचा हिशेब जसाच्या तसा उभा असतो आणि नंतरच्या धाडसाने तो मिटत नाही. रायन शूर आहे आणि अपराधीही आहे, एवढेच.

आपल्या पत्रात हॅन्सनचा उल्लेख नाही, याचे मात्र मला नवल वाटले. रायनच्या वागण्याची किळस येऊन वेगळी गाडी मागणारा हा त्याचा गस्तीतला तरुण जोडीदार शेवटी खिशातून छोटी मूर्ती काढणाऱ्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला, तो पिस्तूल काढतो आहे अशा समजुतीने, गोळी घालतो. भल्या माणसाच्याही मनात भीती आधीच पेरलेली असते, हे त्यातून कळते.

चित्रपटाचा दोष सांगायचा तर योगायोग. लॉस एंजेलिससारख्या अफाट शहरात तीच डझनभर माणसे एकमेकांवर आदळत राहतात, त्यामुळे वंशद्वेष म्हणजे जणू ज्याच्या त्याच्या स्वभावाची खोड, असा समज होतो. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण (1991), आरोपी पोलिसांची सुटका आणि तिच्यामागून उसळलेली 1992 ची दंगल याच शहराने पाहिली होती. तिथे प्रश्न खात्याचा होता. ते खाते इथे एकाच प्रसंगात नीट दिसते. हॅन्सनचा वरिष्ठ स्वतः कृष्णवर्णीय आहे. रायनविरुद्ध तक्रार नोंदवली तर मोठ्या कष्टाने मिळवलेले आपले पद जाईल हे तो जाणतो, आणि म्हणून वेगळ्या गाडीसाठी हॅन्सनने आपल्याला अनावर वायू सरण्याचा त्रास असल्याचे कारण द्यावे, असे सुचवतो. आपण सगळे तिथे हसलो असणार. पुढच्या बैठकीत तेवढाच प्रसंग पुन्हा लावा आणि रायन त्यानंतरही गस्तीवर कसा राहतो, ते पाहा.