पॉपलेफ्ट लावलं, तरी कोड अडकतोच

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्लेसमेंटसाठी पायथनमध्ये प्रॅक्टिस करतोय. 2 लाख आकडे आहेत, 50 हजारांची खिडकी एकेक घर पुढे सरकवायची आणि दर वेळी तिच्यातला सगळ्यात मोठा आकडा सांगायचा. आधी लिस्ट होती, पॉप(0), म्हणजे पहिला आकडा काढणं, स्लो असतं कळलं म्हणून डेक (पायथनमधली deque ही रांग) घेतला, पुढून काढायला पॉपलेफ्ट लावलं, तरी टाइम लिमिट एक्सीड! मग डेकचा फायदा काय?

उत्तर : पॉप(0) सोडलंस ते चांगलंच केलंस. लिस्टमधला पहिला काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवावे लागतात, डेकला ही हमाली नाही. पण तुझा खरा वेळ खातंय ते मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा शोधणारं फंक्शन. दर खिडकीला ते 50 हजार आकडे पहिल्यापासून चाळतं, अशा खिडक्या दीड लाख, म्हणजे 750 कोटींच्या आसपास तुलना, त्या पायथनला दोन-चार सेकंदात कशा झेपणार?

तू डेक साध्या रांगेसारखा वापरलास, मागून घातलं, पुढून काढलं. त्यातून मागूनही काढता येतं, आणि इथे सगळी गंमत त्यातच आहे.

7, 2, 4, 3, 6 घे, खिडकी 3 ची. 7 आत, मागे 2. आता 4 आला. 2 त्याच्याहून लहान आणि खिडकीबाहेरही आधी जाणार, म्हणजे 2 चा नंबर आता कधीच लागणार नाही, मग ठेवायचा कशाला, मागून पॉप करून टाक. उरले 7, 4. पुढचा तो मोठा, उत्तर 7. मग 3 मागे लागला, पण 7 खिडकीबाहेर गेला म्हणून पॉपलेफ्ट, उत्तर 4. 6 आला तसे 3 आणि 4 दोघंही मागून गेले, उत्तर 6. मॅक्स कुठे लागलंच नाही बघ!

मागून काढण्यासाठी लूपच्या आत आणखी एक लूप दिसला म्हणून घाबरू नकोस, प्रत्येक आकडा एकदाच आत येतो आणि जास्तीत जास्त एकदाच बाहेर जातो, म्हणजे 2 लाखांना फार तर 4 लाख टाकणं-काढणं.

डेकमध्ये आकडा नाही, त्याचा इंडेक्स, म्हणजे यादीतली जागा, ठेव, नाहीतर कोण खिडकीबाहेर गेला ते कळणार कसं. मॅक्सलेन, म्हणजे डेकची कमाल लांबी, 50 हजार दिली की जुने आपोआप जातील असं बरेच जण धरून चालतात, ते इथे चालत नाही, कारण मागून काढत गेल्यावर डेक बहुतेकदा भरतच नाही आणि शिळा आकडा पुढे तसाच बसून राहतो.

सबमिट करायच्या आधी 9, 8, 7, 6, 5 वर चालवून बघ, खिडकी 3 चीच. इथे मागून एकही निघत नाही, सगळं काम पुढच्या टोकाला. 9, 8, 7 यायला हवं, तिन्ही वेळा 9 आलं तर पॉपलेफ्टची अट चुकलीय.