सी मध्ये सगळीकडे इंटच वापरला तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात सी भाषेतले सगळे प्रोग्रॅम इंटवर (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा टाइप) भागले, मग शॉर्ट, लाँग, युइंट८_टी हे पूर्णांकांचे बाकीचे टाइप कशासाठी आणि कधी कुठला घ्यायचा?

भागलं, कारण पीसीवर इंट ३२ बिटांचा असतो आणि त्यात २१४ कोटींपर्यंतचा आकडा मावतो. पण सी च्या स्टँडर्डमध्ये इंटला हमी आहे ती किमान १६ बिटांची. लाँगला किमान ३२, लाँग लाँगला ६४. त्यापुढे ज्या त्या कंपायलरची (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) मर्जी.

मला याचा फटका बसला तो शेतात. मामांच्या पाण्याच्या मोटारीसाठी आर्डुइनो उनोवर (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, जुना आर३) टायमर केला होता. घरी ३० सेकंद लावून पाहिले, रिले (मोटार चालू-बंद करणारा स्विच) वेळेवर बंद झाला. शेतात एक मिनिट लावलं आणि मोटार बंदच होईना, पाणी वाफे फोडून बांधाबाहेर. ओळ एवढीच होती :

अनसाइन्ड लाँग वेळ = ६० * १०००;

डावीकडे ३२ बिटांची ऐसपैस जागा आहे, अनसाइन्ड म्हणजे उणे आकडे नसलेली. पण गुणाकार करताना कंपायलर डावीकडे बघतच नाही. ६० हा इंट, १००० हाही इंट, आणि उनोवर इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ ला संपला. ३०००० मावले. ६०००० चे झाले उणे ५५३६, आणि तो आकडा अनसाइन्ड लाँगमध्ये जाऊन बसला ४२९४९६१७६० होऊन. इतके मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ५० दिवस! ६० ला यूएल जोडलं (म्हणजे हा आकडा अनसाइन्ड लाँग धर) आणि मोटार मिनिटाला बंद व्हायला लागली.

तेव्हापासून मी आधी आकडा किती वाढेल ते बघतो, उत्तराचाच नाही, मधल्या गुणाकाराचासुद्धा. लूपचा काउंटर, शे-दोनशेची मोजदाद, यांना इंट उत्तम. तिथे उगाच शॉर्ट घेऊन काही वाचत नाही. वाचतं ते मोठ्या ॲरेमध्ये, म्हणजे एकाच टाइपच्या आकड्यांच्या लांब रांगेत. त्या उनोची रॅम फक्त २०४८ बाइट. सेन्सरचं रीडिंग ० ते १०२३, ते युइंट१६_टी मध्ये आरामात बसतं. अशी ५०० रीडिंग्ज १००० बाइट खातात, लाँगमध्ये २०००, म्हणजे रॅम जवळपास संपलीच.

फाइलमध्ये लिहायचं असेल किंवा दुसऱ्या मशीनला पाठवायचं असेल, तर इंट-लाँग नकोच. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा आणि विंडोजवर ३२ चाच. तिथे एसटीडीइंट डॉट एच या हेडर फाइलमधले, नावातच बिट लिहिलेले टाइप घ्या. सी ९९ (१९९९चं स्टँडर्ड) पासून ते आहेत.

अनसाइन्ड मात्र जपून. उलट्या लूपमध्ये 'आय शून्याहून मोठा किंवा समान' अशी अट अनसाइन्डवर कधीच खोटी ठरत नाही, लूप फिरतच राहतो.

आणि आर्डुइनो वापरत असाल तर आजच आर्डुइनो आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलर वॉर्निंग्ज 'ऑल' करा. मुळात त्या बंद असतात. चालू केल्यावर ६० * १००० च्या त्याच ओळीवर ओव्हरफ्लोची सूचना येते.