अनुदान कोणाच्या खात्यात गेले, हे गावाला कळायला हवे

शहापूर तालुक्यातल्या एका शेतकरी ताईंनी विचारले आहे, "आम्ही दोन एकर भात अर्धेलीने (निम्म्या वाट्याने) करतो. मालक ठाण्याला राहतात. पीएम-किसानचे पैसे त्यांना येतात, आम्हाला का नाही? आणि गावात कोणाकोणाला अनुदान मिळाले, हे आम्हाला बघता येते का?" मुरबाडहून आलेल्या दोन पत्रांतही शेवटचा प्रश्न हाच आहे, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

ताई, पीएम-किसान ही केंद्राची योजना सातबारा बघते, चिखलणी कोण करतो ते बघत नाही. वर्षाचे ६,००० रुपये ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळतात, आणि वारसाहक्क सोडला तर ते नाव १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी लागलेले असावे लागते. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे पैसेही त्याच यादीवरून जातात. मालक आयकर भरत असतील तर मात्र ते अपात्र ठरतात, भले सातबारा त्यांचाच असो. वनहक्काचा पट्टा मिळालेले आदिवासी शेतकरी पात्र आहेत. पाड्यावर हे पुष्कळांना ठाऊकच नसते, तेवढे जरूर सांगा.

अर्धेलीवाल्याच्या हाती कागद नसतो, हे खरे दुखणे आहे. कुळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक लिहून देत नाहीत. नोंदणी केलेला भाडेकरार असेल तर पीक विमा तरी तुमच्या नावाने काढता येतो. मालकांशी या एका गोष्टीसाठी शांतपणे बोलून पाहा.

आता यादीचे. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर 'लाभार्थी यादी' उघडून जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की नावे दिसतात. त्यासाठी कोणाचा पासवर्ड लागत नाही. स्वतःच्या हप्त्याची स्थिती पाहायला मात्र नोंदणी क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. ठिबक आणि अवजारांचे अनुदान महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून मिळते. अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे कोणी न मागताही प्रसिद्ध करणे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार आम्हा सरकारी कार्यालयांचे काम आहे. यादी मिळाली नाही तर तालुका कृषी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. "अमुक गाव, अमुक वर्ष, अमुक योजना, लाभार्थ्याचे नाव, घटक (ठिबक, अवजार वगैरे) आणि दिलेली रक्कम" एवढेच लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास पहिले अपील करा, आणि अपील केले म्हणून कोणी नाराज होईल याची भीती बाळगू नका. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक मागू नका, ते मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

यादी वाचताना एक ध्यानात ठेवा. पूर्वसंमती मिळाली की अवजार आधी स्वतः पूर्ण पैसे देऊन घ्यायचे, बिल चढवायचे, तपासणी व्हायची आणि मग अनुदान खात्यात यायचे, असा क्रम आहे. ज्याच्या हातात रोकड नाही तो पूर्वसंमती मिळूनही मागे राहतो. म्हणून तीच ती नावे पुन्हा दिसली की लगेच लबाडी समजू नका, पण ग्रामसभेत जरूर विचारा.

सगळ्यात मोठे अनुदान तर या कुठल्याच यादीत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी तुम्ही २६६ रुपये ५० पैशांना घेता. दुकानातल्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर) तुमचा अंगठा उमटला की उरलेली किंमत सरकार खत कंपनीला देते. केंद्राचा खतांवरचा हा वार्षिक खर्च पीएम-किसानच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून दुकानदाराकडून पावती घ्याच आणि तिच्यावरच्या गोण्या मोजा. तुमच्या नावावर जास्त गोण्या लागल्या असतील, तर पावतीसह तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

पुढच्या ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचायला सांगा. वगळलेल्या पात्र माणसांची नावे त्याच बैठकीत लिहून काढा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. पोच घ्यायला विसरू नका.