'होस्ट' म्हणजे यजमान, पण कोणाचा?

जळगावच्या एका गटाने विचारलं आहे: आम्ही एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या बिल्ड-सूचना (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम कसा बनवायचा त्या सूचना) मराठीत आणतोय. 'बिल्ड कॉन्फिगरेशन'ला 'बांधणी संरचना' आणि 'होस्ट मशीन'ला 'यजमान यंत्र' केलंय. चालेल का?

आधी 'होस्ट' घेऊ, कारण खरी फसगत तिथेच होते.

लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या छोट्या संगणकासाठी प्रोग्रॅम बनवायचा आहे असं धरा. बिल्ड करून देणारी साधनं तीन घेऊ: ऑटोटूल्स, मेसन आणि सीमेक. ऑटोटूल्सच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये 'बिल्ड' म्हणजे जिथे कंपाइल होतंय (सोर्स कोडचा प्रोग्रॅम बनतोय) ते यंत्र, म्हणजे लॅपटॉप. 'होस्ट' म्हणजे तयार प्रोग्रॅम जिथे चालणार ते यंत्र, म्हणजे पाय. मेसनमध्येही हाच अर्थ आहे. सीमेकमध्ये मात्र उलटं! तिथे 'सीमेक-होस्ट-सिस्टिम-नेम' लॅपटॉपवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव सांगतं. पायसाठी 'सीमेक-सिस्टिम-नेम' आहे.

म्हणून 'यजमान' लिहिताना पाहुणा कोण हे आधी विचारा. ऑटोटूल्सच्या लेखी पाहुणा म्हणजे तयार झालेला प्रोग्रॅम, तो पायच्या घरी उतरतो. सीमेकच्या लेखी पाहुणा सीमेक स्वतः, तो लॅपटॉपवर उतरलेला असतो. नुसतं 'यजमान यंत्र' वाचून विद्यार्थी ऑटोटूल्सच्या होस्टमध्ये आपल्या लॅपटॉपचा प्रकार देईल. बिल्ड बिनतक्रार पूर्ण होईल आणि पायवर फाइल चालवली की 'एक्झेक फॉरमॅट एरर' येईल, म्हणजे ही फाइल या यंत्रासाठी नाही.

माझ्या मते 'बनवणारं यंत्र' आणि 'चालवणारं यंत्र' असं सरळ लिहावं. आपल्याकडे समजावताना अहिराणीतलं 'आठे' आणि 'तठे' फार उपयोगी पडतं: आठे बनतं, तठे चालतं. रावेर-सावद्याची केळी बघा. घड आठे कापतात, पण किती कच्चा कापायचा ते तठेच्या अंतरावर ठरतं. दिल्लीला जाणारा घड पूर्ण भरायच्या आधीच उतरवतात. क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बनवणं, हेच आहे: कंपायलर आठे चालतो, पण प्रोसेसर, लायब्ररी, हेडर सगळं तठेच्या मापाचं लागतं.

या भेदाची आणखी एक जागा सूचनांत हमखास येते. काही प्रकल्प आधी एक छोटा प्रोग्रॅम बनवतात आणि तो चालवून पुढचा सोर्स कोड तयार करतात. हा छोटा प्रोग्रॅमही पायसाठी बनला, तर लॅपटॉपवर चालत नाही आणि बिल्ड अर्ध्यात थांबतं. तो 'बनवणाऱ्या यंत्रासाठी' बनवायचा असतो. मेसनमध्ये त्यासाठी 'नेटिव्ह: ट्रू' लिहितात. इथे 'यजमान' लिहून वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

आता 'बांधणी'. पुस्तकाच्या धंद्यात बांधणी म्हणजे बाइंडिंग, आणि सॉफ्टवेअरमध्येही 'पायथन बाइंडिंग' (दुसऱ्या भाषेतली लायब्ररी पायथनमधून वापरायचा जोड) वेगळं असतं. गोंधळ नको, 'बिल्ड'च राहू द्या. सगळे तेच बोलतात.

'संरचना'ही बदला. सीमेकमध्ये 'कॉन्फिगर' ही एक पायरी आहे, आणि 'कॉन्फिगरेशन' म्हणजे डीबग (चुका शोधण्यासाठी), रिलीज (वापरण्यासाठी) वगैरे प्रकार. दोन्हींना एकच शब्द दिला की सूचना चुकते. पायरीला 'जुळणी' म्हणा. छापखान्यात आधी खिळ्यांची जुळणी, मग छपाई. इथेही आधी जुळणी, मग बिल्ड. डीबग-रिलीजला 'बिल्ड-प्रकार' म्हणा, कारण त्या व्हेरिएबलचं नावच 'सीमेक-बिल्ड-टाइप' आहे.

याचं व्यवहारातलं महत्त्व असं: सीमेक प्रत्यक्ष बिल्ड दुसऱ्या साधनाकडे सोपवतो; ते मेक किंवा साधं निंजा असेल तर प्रकार जुळणीच्या वेळी ठरतो. तो रिकामा ठेवला तर ऑप्टिमायझेशन मिळत नाही आणि प्रोग्रॅम रेंगाळतो. व्हिज्युअल स्टुडिओ आणि एक्सकोडवर प्रकार बिल्डच्या वेळी, 'कॉन्फिग' पर्यायाने द्यावा लागतो. विंडोजवाल्याने जुळणीतच 'रिलीज' लिहिलं तर 'हे व्हेरिएबल वापरलं गेलं नाही' अशा अर्थाची वॉर्निंग येते आणि एक्झी फाइल डीबग फोल्डरमध्ये सापडते. म्हणून सूचनेत दोन स्वतंत्र वाक्यं हवीत, लिनक्ससाठी वेगळं आणि विंडोजसाठी वेगळं.

टूलचेन फाइलबद्दल (तठेसाठी कोणता कंपायलर वापरायचा ते सीमेकला सांगणारी फाइल) लिहिताना 'पहिल्या जुळणीतच द्या' हे शब्द गाळू नका. जुन्या बिल्ड फोल्डरमध्ये ती नंतर दिली तर सीमेककॅशमधला (आधीच्या जुळणीची उत्तरं जपणाऱ्या फाइलमधला) आधीचा कंपायलरच चालू राहतो. फोल्डर पुसा, किंवा सीमेक ३.२४ पासून 'फ्रेश' पर्याय आहे तो वापरा.

'टार्गेट'ला सरसकट 'लक्ष्य' करू नका. ऑटोटूल्समध्ये तो शब्द कंपायलरसारखी साधनं बनवतानाच लागतो. सीमेकमध्ये टार्गेट म्हणजे प्रकल्पातला एखादा प्रोग्रॅम किंवा लायब्ररी. तिथे 'टार्गेट'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा.