नवीन टीव्ही, साउंडबार आणि गेमिंग कन्सोल घेतल्यापासून मजेपेक्षा डोकेदुखीच जास्त झाली आहे. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीही चुकत नाहीये. हे आधी सांगते, कारण प्रश्नाच्या शेवटी "मला यातलं फारसं कळत नाही, म्हणूनच असं होत असेल" असं तुम्ही लिहिलंय आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुमच्या तक्रारी चार आहेत. गेममध्ये बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं, सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत पण स्फोट झाला की घर दणाणतं, साउंडबार कधी चालू होतो कधी नाही, आणि खेळायला जरा वेळ मिळाला की नेमकं अपडेट सुरू होतं. हे चारही प्रकार माझ्या घरी झालेत. एकेकाचं मूळ सापडायला मला दोन वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टीव्ही एका कंपनीने बनवलाय, साउंडबार दुसरीने, कन्सोल तिसरीने आणि सिनेमाचं ॲप चौथीने. एकेकटी वस्तू बहुतेक वेळा चोख असते. पण त्या एकमेकींना जोडल्या की मधे जो सांधा तयार होतो, त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मी टीव्हीच्या कस्टमर केअरला फोन केला, तर साउंडबारवाल्यांना विचारा म्हणाले. साउंडबारवाल्यांनी टीव्हीचं सॉफ्टवेअर बघा म्हणून सांगितलं. दोघंही आपल्या परीने खरं बोलत होते, आणि मी मात्र संध्याकाळभर टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरून उभी होते.

बटण उशिरा लागण्याचं आधी घेते, कारण त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. सुट्टीत भाचा राहायला आला होता, नऊ वर्षांचा. एका खड्ड्यावरून उडी मारायची होती आणि तो दर वेळी आत पडत होता. "मावशी, मी दाबलं होतं गं!" असं तो म्हणायचा आणि मी त्याला "नीट लक्ष देऊन खेळ" म्हणायचे. पाचव्या-सहाव्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने कंट्रोलर बाजूला ठेवून दिला. हाच मुलगा त्याच्या घरी जुन्या छोट्या टीव्हीवर तीच उडी सहज मारायचा. तेव्हा कुठे मला शंका आली.

मग मी मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, घेतो. म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल उभा केला, उडीचं बटण दाबलं आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजत गेले. बटण खाली गेल्यापासून पात्राचे पाय जमिनीवरून उचलेपर्यंत ३६ फ्रेम, म्हणजे १५० मिलिसेकंद. टीव्हीवर गेम मोड लावून पुन्हा मोजलं, तर १८ फ्रेम. निम्मा वेळ टीव्हीच खात होता. मी त्या पोराला फोन करून सॉरी म्हटलं.

टीव्ही वेळ खातो म्हणजे काय करतो? आलेलं चित्र तो जसंच्या तसं दाखवत नाही. त्यातले डाग पुसतो, कडा धारदार करतो, रंग उठावदार करतो, आणि मुख्य म्हणजे दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनाने तिसरी फ्रेम बनवून घालतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. आता मधली फ्रेम बनवायची तर पुढची हातात असायला हवी, म्हणजे ती येईपर्यंत थांबणं आलंच. सिनेमा बघताना हा उशीर जाणवत नाही. गेम मात्र सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल तर एक फ्रेम जेमतेम १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि टीव्ही तशा चार-पाच फ्रेमचा वेळ सहज गिळतो. गेम मोड लावला की ही बरीचशी कामं बंद होतात.

एक खाचखळगा सांगून ठेवते. गेम मोडसारखा पिक्चर मोड बहुतेक टीव्हींत त्या-त्या इनपुटपुरताच लागतो. ॲप बघताना गेम मोड लावलात तर तो कन्सोलच्या इनपुटला लागलेला नसतो. कन्सोल चालू ठेवून, त्याच इनपुटवर असताना लावा. एचडीएमआय म्हणजे या वस्तू टीव्हीला जोडायची केबल आणि तिचा पोर्ट. २०१७ साली आलेल्या त्याच्या २.१ या आवृत्तीत ऑटो लो लेटन्सी मोड नावाची सोय आहे. गेम सुरू झाला की कन्सोल टीव्हीला तसं कळवतो आणि टीव्ही आपणहून गेम मोडवर जातो. ती टीव्ही आणि कन्सोल दोन्हींच्या सेटिंगमध्ये आहे का, बघा. पण खोक्यावर २.१ छापलंय म्हणून सगळं असेलच असं धरून चालू नका, कारण २.१ मधल्या बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत. शिवाय बऱ्याच टीव्हींत चार पोर्टपैकी एक-दोनच पूर्ण वेगाचे असतात, आणि कित्येक टीव्हींत साउंडबार लावायचा ई-आर्क पोर्ट त्या दोनातलाच एक असतो. म्हणजे साउंडबार लावला की कन्सोलसाठी एकच चांगला पोर्ट उरतो. टीव्हीच्या मागे पोर्टशेजारी बारीक अक्षरात ४के १२० हर्ट्झ (म्हणजे पूर्ण वेगाचा) किंवा ई-आर्क लिहिलेलं असतं. ते वाचूनच केबल लावा.

ती मधली बनावट फ्रेम सिनेमासाठीही बंद करा असं मी म्हणेन. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो आणि त्याचा पोत त्यातूनच येतो. मधे फ्रेम घातल्या की चांगला सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वेरी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ही सेटिंग बंद करायची विनंती केली होती. पुढच्याच वर्षी असे फेरफार बंद ठेवणारा फिल्ममेकर मोड जाहीर झाला. तुमच्या टीव्हीत तो असेल तर सिनेमाला तोच लावा.

आता संवादांचं. आमच्याकडे बाबा हळूहळू टीव्हीच्या जवळ खुर्ची सरकवायला लागले होते. "अगं, हा पुटपुटतोय काय? जरा मोठा कर." मोठा केला की पुढच्या मिनिटाला गाडी उडायची आणि सगळे दचकायचे. रिमोट हातात धरून आवाज कमी-जास्त करत बसणं हेच बाबांचं काम होऊन बसलं. मग त्यांनी सबटायटल लावली आणि सिनेमा बघण्याऐवजी वाचायला लागले. मला वाटलं, वयाने कान गेले. त्यांना तपासायला घेऊन गेले, तर वयाच्या मानाने ऐकणं अगदी व्यवस्थित निघालं. किती दिवस ते मनातल्या मनात स्वतःला म्हातारं समजत होते, हे आठवलं की अजून जीव तुटतो.

कारण साधं आहे. सिनेमाचा आवाज ५.१ मध्ये मिसळलेला असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) असं गृहीत धरून. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. टीव्हीला तो मधला स्पीकरच नसतो. दोन बारके असतात आणि पातळ टीव्हीत त्यांची तोंडंही खाली किंवा मागे असतात, म्हणजे आवाज आधी टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. सहा वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबला जातो आणि त्यात बोलणं दबतं. त्यातून कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर थिएटरच्या मोठ्या हॉलच्या हिशेबाने ठेवलेलं असतं.

उपाय असा. टीव्हीच्याच स्पीकरवर बघत असाल तर ॲपमध्ये सिनेमा चालू असताना ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी नुसती भाषा किंवा स्टीरिओ (दोन वाटांचा आवाज) असा पर्याय असेल, तो निवडा. तुमचा साउंडबार तीन चॅनेलचा, म्हणजे ३.१ किंवा त्यापुढचा असेल, तर ५.१ च ठेवा आणि सेंटरचा, म्हणजे मधल्या स्पीकरचा, आवाज दोन-तीन पायऱ्या वाढवा. साउंडबार २.१, म्हणजे दोनच चॅनेलचा, असेल तर त्याला मधला स्पीकर नाही, त्यामुळे पुन्हा स्टीरिओच बरं. नाइट मोड असेल तर तो लावा, मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणणं हेच त्याचं काम आहे. बाबांची खुर्ची आता पहिल्या जागी आहे.

साउंडबारच्या लहरीचं कारण एचडीएमआय केबलमध्येच आहे. त्यात सीईसी नावाची एक वेगळी तार असते. जोडलेल्या सगळ्या वस्तू त्या एकाच तारेवरून "मी चालू झाले", "आवाज माझ्याकडे दे" असं एकमेकींना सांगतात. कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत, सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. त्यामुळे सेटिंगमध्ये शोधायचं काय, तेच माणसाला कळत नाही. एखादी वस्तू अर्धवट झोपेत राहिली की बाकीच्यांचा संवाद बिघडतो. अशा वेळी सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढून दोनेक मिनिटं थांबा. रिमोटने बंद करून उपयोग नाही, प्लगच काढायचा. मग आधी टीव्ही, तो पूर्ण सुरू झाल्यावर साउंडबार, शेवटी कन्सोल. तरीही कन्सोल मधेच इनपुट पळवत असेल तर सीईसी फक्त कन्सोलचं बंद करा. टीव्ही आणि साउंडबारचं राहू द्या.

ब्लूटूथ हेडफोन लावून खेळायचं टाळा. आवाज ब्लूटूथने पाठवताना साधारण १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो, आणि गेम मोडमुळे चित्र लवकर यायला लागलं की हा फरक आणखीच जाणवतो. टीव्हीतल्या लिप सिंकच्या (आवाज आणि ओठ जुळवायच्या) सेटिंगचा इथे उपयोग होत नाही, कारण ती आवाजाला थोपवून धरू शकते, लवकर आणू शकत नाही. कंट्रोलरमध्ये लावायचा तारेचा हेडफोन घ्या.

राहिलं अपडेट. मला रात्री खेळायला पाऊण तास मिळतो, तोही रोज नाही. सगळं आवरून, दिवे मालवून बसायचं आणि पडद्यावर काय, तर ३० जीबी बाकी. त्या वेळी जो हिरमोड होतो तो दुसऱ्याला सांगून कळत नाही. इथे आकड्यांचा घोळही समजून घ्या. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि गेमचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येतात आणि ३० जीबीला ४० मिनिटं लागतात, तीही सगळं सुरळीत चाललं तर. मध्ये दोन भिंती असलेल्या वायफायवर दीड-दोन तास धरा. पाऊण तास संपला की माणूस झोपायला जातो.

कन्सोलच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन तो पूर्ण बंद करण्याऐवजी रेस्ट किंवा स्लीपवर ठेवा आणि त्या अवस्थेत इंटरनेट चालू राहील, अपडेट आपोआप होतील, हे दोन्ही पर्याय लावा. रात्रभरात तो आपलं काम उरकतो. जमलं तर राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल ओढा. माझ्याकडे त्या एका केबलने जो फरक पडला तो दुसऱ्या कशानेच पडला नाही. केबल शक्यच नसेल तर निदान वायफाय ५ गिगाहर्ट्झचं जोडा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकाच वाटेवर असतात.

जागा पुरत नाही असं तुम्ही जाता जाता म्हटलंय. ८२५ जीबीच्या पहिल्या पीएस ५ कन्सोलमध्ये वापरायला मिळतात ६६७, आणि एक्सबॉक्स सिरीज एसच्या ५१२ मधले ३६४. त्यात १०० जीबीच्या वरचे गेम. जे खेळत नाही ते निर्धास्त काढून टाका. सेव्ह केलेला खेळ सहसा वेगळा राहतो, पण काढण्याआधी तो क्लाउडवर गेलाय याची खात्री करून घ्या.

शेवटचं एक काम नक्की करा. सगळं मनासारखं लागलं की कुठल्या पोर्टला काय जोडलंय आणि कुठली सेटिंग कशावर आहे हे कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा, कारण टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की यातलं काहीतरी कधी कधी मूळपदावर जातं. आमच्याकडे गेल्या महिन्यात आवाज पुन्हा बिघडला तेव्हा मी घरी नव्हते. बाबांनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि एकट्याने नीट केला.