पब शनिवारी खच्चून भरलेला असायचा, तरी समूह बुडाला कसा? आणि आमचे थकलेले पगार मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या ज्या समूहात तुम्ही कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) होता, त्याचे सगळे पब आणि नाइटक्लब एकाच आठवड्यात बंद झाले, चार महिन्यांचा पगार अडकलाय आणि मालक म्हणतात, "कंपनी दिवाळखोरीत गेली, आता आमच्या हातात काही नाही." शेवटच्या शनिवारीसुद्धा उभं राहायला जागा नव्हती, मग पैसा गेला कुठे, हा तुमचा प्रश्न.

पैसा पुढच्या पबात गेला. बहुतेक वेळा तो तिथेच जातो.

मी अशाच एका समूहाच्या ऑफिसात बरीच वर्षं हिशेब सांभाळले. माझा सख्खा मावसभाऊ त्यात भागीदार होता. घरात कुठलंही कार्य असो, तो आजही चार लोकांत सांगतो की आम्हाला करोनाने बुडवलं. मला ते ऐकवत नाही. त्याच्यापुढे बोलायला गेलं की मावशीचा चेहरा उतरतो, म्हणून तिथे गप्प बसतो. इथे गप्प बसायचं कारण नाही.

शनिवारच्या गल्ल्याकडे बघून बाहेरच्या माणसाला वाटतं, केवढा पैसा आहे या धंद्यात. पण भाडं महिन्याच्या तीसही दिवसांचं असतं आणि गर्दी शुक्रवार-शनिवारची. त्यातही ज्या रात्री सेल सगळ्यात जास्त, त्याच रात्री डीजे, साउंड आणि जादा बाउन्सर यांचा खर्चही सगळ्यात जास्त. दारू जीएसटीत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, तो गिऱ्हाइकाकडून घेतलेला असला तरी भरायचा असतो. जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे जागेच्या भाड्यावर आणि इंटिरिअरच्या बिलावर जो १८ टक्के कर आपण देतो, तो सरळ खर्चात जातो. बिलात लावलेला सर्व्हिस चार्ज स्टाफचा म्हणून घेतलेला. भाजीवाला, चिकनवाला, बर्फवाला यांचं देणं त्याच गल्ल्यात. रात्री दीड वाजता काउंटरला जे मोजलं जातं, त्यातलं मालकाचं फार थोडं असतं. हे मी दर सोमवारी कागदावर मांडून द्यायचो. कागद वाचला जायचा नाही.

आमची पहिली जागा खरंच चांगली चालत होती. दुसरीही बरी. तिसरी हायवेला लागून घेतली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ ला तिथली दारू बंद झाली. पुढे जुलैत न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका हद्दीतल्या जागांना ही बंदी लागू नाही, पण तोपर्यंत भाडं आणि पगार चालूच होते. यात कोणाचा दोष नव्हता, हे मीही मानतो.

माझं भांडण त्यानंतरच्या मीटिंगचं आहे. तिसऱ्या जागेचा खड्डा भरलेला नसताना मावसभावाने चौथ्या जागेचा आराखडा टेबलावर ठेवला. गच्चीवरचा मोठा नाइटक्लब. डिपॉझिट कुठून देणार, हे मी विचारलं. दारूच्या कंपन्या आपला ब्रँड मेन्यूवर ठेवण्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला जे पैसे देतात, ते त्यासाठी काढायचे ठरले होते. उरलेलं सप्लायरना थांबवून. मी म्हणालो, "दादा, चिकनवाल्या चाचांचे दिवाळीपासूनचे पैसे राहिलेत." तो म्हणाला, "शनिवारची रांग बघितलीस का? तू कारकुनासारखा विचार करतोस." सगळ्या भागीदारांसमोर.

मी कारकुनासारखाच विचार करत होतो, कारण मला त्याचाच पगार होता. आणि कारकुनाला एक गोष्ट दिसत होती जी रांगेकडे बघणाऱ्याला दिसत नव्हती. नाइटक्लबची गर्दी जागेची नसते, नव्या जागेची असते. वर्ष-दीड वर्षात तीच मुलंमुली दुसरीकडे जातात आणि मग पुन्हा इंटिरिअर, पुन्हा साउंड, पुन्हा उधारी. क्लब दणक्यात सुरू झाला. पहिल्या महिन्याच्या सेलचा आकडा त्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्याच महिन्यात जवळच्याच आमच्या दुसऱ्या जागेचा सेल कोसळला होता. आमचीच गिऱ्हाइकं आम्हीच पळवली होती. तो आकडा ग्रुपवर आला नाही.

चाचा दर सोमवारी ऑफिसात येऊन बसायचे. आवाज चढवला नाही कधी. मालक मागच्या जिन्याने निघून जायचे आणि चाचांना चहा देऊन "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणायचं काम माझ्याकडे. याच काळात पगारातून कापलेला पीएफ वेळेवर भरणं थांबलं. मी लेखी कळवलं, त्याची प्रत अजून माझ्याकडे आहे.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, तेव्हा आमच्या खात्यात एका महिन्याचं भाडं देण्याइतकी शिल्लक नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. महाराष्ट्रात बार आणि रेस्टॉरंट उघडली ५ ऑक्टोबर २०२० ला. एकच जागा, देणी वेळेवर दिलेली, असे कितीतरी जुने परमिट रूमवाले त्या दिवशी शटर वर करून बसले. आम्ही नाही बसू शकलो. करोना दोघांनाही सारखाच आला होता, दादा.

आणि बुडाल्यावर विकायला काय असतं? आमच्या दोन जागांचा एफएल-थ्री, म्हणजे बसून दारू द्यायचा परवाना जागामालकाच्याच नावावर होता, आम्ही कंडक्टिंगवर, म्हणजे त्याच्या परवान्यावर धंदा चालवत होतो. भाडं थकलं, त्याने कुलूप लावलं, परवाना त्याचा त्याच्याकडे राहिला. साउंड भाड्याचा. उरल्या खुर्च्या, ग्लास आणि भिंतीत बसवलेला काउंटर, जो उखडला की भंगार. चाचांना शेवटपर्यंत काही मिळालं नाही.

आता तुमच्या पगाराकडे येतो. आधी हे शोधा की तुम्हाला पगार नेमकी कोणती कंपनी देत होती. बाहेर पाटी एकच असते, पण प्रत्येक आउटलेट वेगळ्या एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये असतं. नेमणूकपत्र, बँक पासबुकातली नोंद, पीएफ पासबुकातलं आस्थापनेचं नाव, तिन्ही ताडून बघा. त्या नावाचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने खरंच दाखल करून घेतलंय का, हे पाहा. घेतलं असेल तर दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना सापडते. सापडली नाही तर ही तोंडी दिवाळखोरी आहे, कंपनी जिवंत आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून कामगार आयुक्तांकडे जायला हवं. साधी भागीदारी असेल तर भागीदारांची घरदारंसुद्धा देण्याला बांधलेली असतात, हे मालकांना सांगून बघा.

प्रकरण दाखल झालं असेल तर फॉर्म डी (कामगार-कर्मचाऱ्यांच्या दाव्याचा अर्ज) भरून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे प्रकरण हाताळायला नेमलेल्या माणसाकडे, दावा लावा. सूचनेतली तारीख उलटली असेल तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून निदान ९० दिवसांपर्यंत दावा घेतात. या काळात कंपनीवरचे इतर दावे थांबतात, त्यामुळे फॉर्म भरणं हाच रस्ता. पुढे कंपनी विकायला निघाली तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च आधी. मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी, आपलं तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची. सप्लायर त्याच्याही बरेच खाली. कॅप्टनला 'कामगार' धरायचं की देखरेख करणारा 'कर्मचारी', यावर वाद घालतील, म्हणून रोज तुम्ही प्रत्यक्ष काय काम करत होता ते लिहून ठेवा. पीएफची रक्कम या रांगेतच नाही, ती वेगळी आहे. कापून भरली नसेल तर तो फौजदारी विश्वासघात आहे. तक्रार पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर करा, मालकाच्या गोड बोलण्यावर थांबू नका.

एवढं सगळं मालकांवर टाकून झाल्यावर हेही सांगायला हवं की तुमच्या कंपनीची वही मी पाहिलेली नाही, आणि गेली काही वर्षं धंदा खरंच कठीण झालाय. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. मे २०२४ मध्ये पबातून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर पुण्यातल्या पबांवर कारवाया झाल्या. २०२५ मध्ये परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क दोन्ही वाढलं, १४ जुलैला बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला. एक-दोन जागा नेकीने चालवणाराही यात मोडू शकतो. तुमचे मालक तसे असतील तर पीएफ भरलेला दिसेल आणि सप्लायरची देणी अलीकडची असतील. जुनी देणी आणि न भरलेला पीएफ दिसला, तर मात्र कारण कर नाहीत.

वर्षाभरात हेच लोक नव्या नावाने नवी जागा उघडतील आणि अनुभवी माणूस हवा म्हणून तुम्हाला फोन करतील. माझ्या मावसभावाने मला केला होता. मी चाचांच्या पैशाचं विचारलं, त्यावर त्याने फोन ठेवला. तुम्हाला फोन आला तर आधी थकलेले चार महिने खात्यात जमा करायला सांगा, नंतर नव्या जागेचा पत्ता विचारा.